चाचणीत अडकलेला प्रत्येक वैमानिक दारू पिऊन उडत नव्हता

‘आपले पायलट दारू ढोसून विमान उडवतात. दरवर्षी कितीतरी पकडले जातात, कंपन्या प्रकरण दाबतात आणि तीन महिन्यांत तेच पायलट परत कॉकपिटमध्ये. अशांना कायमचं घरी बसवा!’ अशा आशयाचा मेसेज घरोघरीच्या ग्रुपवर फिरतो आहे. विमानात बसणाऱ्या माणसाला भीती वाटणं मी समजू शकतो. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासायला हवं.

पहिलं वाक्य ‘उडवतात’ असं सांगतं. भारतातून सुटणाऱ्या नियमित प्रवासी उड्डाणांवर प्रत्येक वैमानिकाला आणि केबिन क्रूला ड्यूटीच्या पहिल्या उड्डाणाआधी ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये, म्हणजे श्वासातलं अल्कोहोल मोजणाऱ्या उपकरणात, फुंकावं लागतं. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याला ड्यूटीवरून उतरवतात आणि त्याच्या जागी दुसरा वैमानिक येतो. म्हणजे या चाचणीत सापडलेल्याने ते विमान उडवलेलंच नसतं. त्याला जमिनीवरच अडवलेलं असतं. पकडलेल्यांचा आकडा दाखवून ‘बघा, हे असे उडतात’ म्हणणं म्हणजे ज्या व्यवस्थेने त्यांना अडवलं तिलाच दोषी धरणं.

‘पकडला म्हणजे प्यायलेला होता’ हे दुसरं गृहीतक, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. मोटार चालवणाऱ्याला आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत सूट आहे. अमेरिकेत वैमानिकासाठी ही मर्यादा ४० मिलिग्रॅमच्या खाली आहे, ब्रिटनमध्ये २०. भारतात वैमानिकासाठी ती शून्य आहे. उपकरणाने शून्याच्या वर काहीही दाखवलं की चाचणी पॉझिटिव्ह. त्यामुळे काही माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषधही घात करू शकतं. म्हणूनच डीजीसीएने, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये नियमात माउथवॉश आणि टूथ जेलचा थेट उल्लेख करून ते वापरायला मनाई केली.

मग ‘माउथवॉश वापरलं होतं’ म्हणून कुणीही सुटेल का? नाही. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी होते. मधल्या वेळात चूळ भरता येते, आणि उपकरण नीट चालतंय का हेही पाहिलं जातं. तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात निघून जातं, रक्तातलं जात नाही. त्यामुळे निर्दोष माणसाला संधी मिळते आणि खरोखर प्यायलेला बहाण्यामागे लपू शकत नाही. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीतच नसावी.

बारा तासांचा नियमही असाच अर्धवट सांगितला जातो. उड्डाणाआधी बारा तास दारूला स्पर्श नको, हे खरं. पण बारा तास झाले की मोकळे, असं नाही. शरीरातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतरही हँगओव्हरचे दुष्परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतात, असं डीजीसीएच्या नियमावलीतच म्हटलं आहे.

‘कंपन्या दाबतात’ आणि ‘तीन महिन्यांत परत’ या आरोपांना नोव्हेंबर २०१८ चं उदाहरण पुरेसं आहे. दिल्लीहून लंडनला निघालेला वैमानिक चाचणीत नापास झाला. तो साधासुधा वैमानिक नव्हता, एअर इंडियाचा ऑपरेशन्स विभागाचा संचालक होता. २०१७ मध्ये चाचणी चुकवल्याबद्दल त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं होतं. या वेळी ते तीन वर्षांसाठी गेलं, आणि पदही गेलं. नियम असाच आहे: पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द.

‘पहिल्याच चुकीला कायमचं घरी बसवा’ ही मागणी ऐकायला कडक वाटते, पण तिने सुरक्षितता वाढेल असं मला वाटत नाही. आयुष्यभराची रोजीरोटी जाणार असेल तर व्यसनी वैमानिक ते लपवेल आणि सहकारीही त्याला सांभाळून घेतील. १९९० मध्ये अमेरिकेत फार्गो ते मिनियापोलिस विमान नेणारे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे तिघे वैमानिक दारूच्या अमलाखाली सापडले. तिघांनाही शिक्षा झाली. त्यातला कॅप्टन तुरुंगात जाऊन आला, दारू सोडली, पुढे त्याच कंपनीत पुन्हा विमान चालवू लागला आणि २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. अमेरिकेत वैमानिकांसाठी उपचार, देखरेख आणि मग परतीची वाट अशी योजना १९७०च्या दशकापासून आहे.

यातलं काहीही धोका कमी लेखण्यासाठी सांगत नाही. २००८ मध्ये रशियात पर्म इथे कोसळलेल्या बोइंग ७३७ मधले सर्व ८८ जण गेले आणि तपासात कॅप्टनच्या शरीरात अल्कोहोल आढळलं. आपल्याकडेही एक फट उघडी आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या उड्डाणांची चाचणी साधारणपणे इथे उतरल्यावर होते. मार्च २०२४ मध्ये फुकेतहून दिल्लीला आलेला कॅप्टन असाच उतरल्यावर सापडला आणि एअर इंडियाने त्याला नोकरीवरून काढलं. त्या विमानातले प्रवासी मात्र त्याच्याबरोबर उडून आले होते. डीजीसीएला पत्र लिहायचंच असेल तर परदेशातही विमान सुटण्याआधीच फुंकायला लावा, ही मागणी करा.