शिकेकाईसुद्धा शॅम्पूच आहे, मावशी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज तीनदा आला. आधी मोठ्या मावशीकडून, मग वहिनीच्या माहेराहून फिरत फिरत, आणि मग पुन्हा मावशीकडूनच, कारण पहिल्या वेळी कुणी साधं अंगठ्याचं चित्रही टाकलं नव्हतं. मजकूर थोडक्यात असा: शॅम्पू हे परदेशी विष आहे. त्यातल्या एसएलएसने, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेटने, कॅन्सर होतो. आपल्या आज्या शॅम्पूशिवाय गुडघ्यापर्यंत केस मिरवायच्या, आज केस गळतात ते शॅम्पूमुळेच. तेव्हा बाटली आजच फेका, ‘केमिकल नसलेली’ शिकेकाई, रिठा, कोरफड वापरा, नाहीतर खायचा सोडा आणि व्हिनेगर. काहीच न लावता सहा आठवडे काढलेत तर टाळू आपोआप स्वच्छ राहायला शिकते. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा मैत्रिणींना पाठवा’.

मी शिकेकाईची वैरीण नाही, हे आधीच सांगते. दर दोन-तीन महिन्यांनी मी स्वतः शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरा आणि वाळवलेली संत्र्याची सालं पिशवीत भरून कांडपवाल्याकडे नेते. तो आधी तोंडाला पंचा बांधतो, मसाला कांडायला आलेल्या बायकांना लांब उभं राहायला सांगतो, आणि तरीही डंक सुरू झाला की अख्खी रांग शिंकायला लागते. मागच्या वेळी एका आजोबांना ओळीने अकरा शिंका आल्या, आम्ही मोजल्या. मेसेजमधल्या ‘केमिकल नसलेली’ या शब्दाला खरं उत्तर त्या शिंकांमध्येच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक डोक्यावरच्या तेलकट मळाला धरतं, पाण्याकडचं टोक पाण्यात राहतं, आणि तांब्याने पाणी ओतलं की मळ त्यांच्याबरोबर वाहून जातो. फेस होतो तोही यामुळेच. नाकात जाऊन झोंबतात आणि शिंका काढतात तीही हीच द्रव्यं. आता शॅम्पूच्या बाटलीतलं सोडियम लॉरिल सल्फेट काय करतं? हेच करतं. दोन टोकं, एक तेलाकडे, एक पाण्याकडे. एक झाडावर तयार झालं, दुसरं कारखान्यात (तेही बहुतेकदा नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनच), पण न्हाणीघरात दोघांचं काम एकच. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘सौम्य’ असं ज्यांना वाटतं त्यांनी लहानपणी रिठ्याचं पाणी डोळ्यात गेल्याची आठवण काढावी. मी घंगाळाशेजारी उभी राहून बोंब ठोकल्याचं आईला अजून आठवतं. सोनार दागिन्यांवरचा मळ काढायला रिठ्याचं पाणी वापरतात, रेशमी साड्याही त्यात धुतात. म्हणजे रिठा चांगलाच पट्टीचा धुणारा आहे.

फरक आहे तो वेगळाच. बाटलीतल्या शॅम्पूची तीव्रता ठरलेली असते, केस मऊ राहावेत म्हणून त्यात आणखी चार गोष्टी घातलेल्या असतात. शिकेकाई आपण मुठीने घेतो. एका रविवारी मूठभर, पुढच्या रविवारी पाहुणे आहेत म्हणून दीड मूठ. रिठा जास्त पडला की केस राठ होतात, हे घरोघरी ठाऊक आहे. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते केसांना मानवतं, हा तिचा खरा गुण. मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही.

‘परदेशी’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही. शॅम्पू हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदीतल्या ‘चांपना’वरून, म्हणजे आपल्या चंपीच्याच घरातला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे मालिशीचं स्नानगृह काढलं, राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून चंपी करून घेई. बाटलीतला, कृत्रिम द्रव्याचा शॅम्पू मात्र खरंच बाहेरचा आणि अलीकडचा, अमेरिकेत १९३४च्या सुमारास बाजारात आलेला. पण मेसेज पाठवायचा मोबाइल तरी कुठे आपल्या आजीने केलेला होता?

आता कॅन्सर. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो वाचून माणूस खरंच घाबरतो. ही कथा मावशीच्या मैत्रिणीने रचलेली नाही. १९९८च्या सुमारास अमेरिकेत एक ईमेल फिरत होता. एसएलएसने गॅरेजची फरशी घासतात, मग ते डोक्याला कसं लावता, ते कॅन्सर करतं, असा त्याचा सूर. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तेव्हाच तो खोडून काढला. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लिऑनला आहे, तिच्या कर्ककारक पदार्थांच्या यादीत एसएलएस नाही. पंचवीस वर्षांहून जुना तो ईमेल मराठीत आला, त्याला फुलांची चौकट मिळाली, इतकंच.

यात खरं आहे ते एवढं: एसएलएस त्वचेला कोरडं पाडू शकतं, झोंबू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगात मुद्दाम त्वचा चिडवायची असेल तर एसएलएसचीच पट्टी बांधतात, पण ती तास न् तास, कधी दिवसभर ठेवून. आपण शॅम्पू मिनिट-दोन मिनिटांत धुऊन टाकतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे, ज्यांना इसब आहे, त्यांनी सौम्य शॅम्पू घ्यावा, हा सल्ला बरोबरच. एसएलएसचा भाऊ एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, त्याहून सौम्य. तो बनवताना डायॉक्सेन नावाचं द्रव्य अगदी थोडं मागे राहू शकतं, आणि ते लिऑनच्या यादीत ‘शक्यता आहे’ या गटात, म्हणजे २-बमध्ये आहे. ते काढून टाकण्याची रीत कारखान्यांकडे आहे. आता गंमत बघा. त्याच २-ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे! तीच कोरफड, जी मेसेज आपल्याला शॅम्पूऐवजी सुचवतो. घाबरू नका, तो निष्कर्ष उंदरांना अर्क पोटात देऊन निघाला आहे, केसाला गर लावण्याशी त्याचा संबंध नाही. पण यादीतलं नाव वाचून भ्यायचं असेल तर सगळ्यांनाच भ्यावं लागेल.

मग येते आजी. गुडघ्यापर्यंतच्या केसांची आजी प्रत्येक घरात एक असते, आणि बाकीच्यांचा फोटोच काढलेला नसतो. मला याबाबत मराठी शब्दकोश जास्त भरवशाचा वाटतो. ‘गंगावन’ हा शब्द आपल्याकडे का आहे? विरळ केसांच्या बायका वेणीत खोटे केस गुंफायच्या, त्याचं हे नाव. शिकेकाईच्या जमान्यात सगळ्यांचे केस दाट असते तर गंगावन कुणासाठी विकलं जायचं? तसंच ‘गुंतवळ’. विंचरताना फणीत आलेले केस बायका बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत, कोनाड्यात खोचून ठेवायच्या. ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी देत फिरणारा माणूस दारात आला की ती गुंतवळ त्याला देऊन पोरांना फुगे मिळायचे. गळलेल्या केसांवर धंदा उभा राहावा एवढे केस गळत होते! शिवाय उवा, लिखा आणि बारीक दातांची फणी, हा त्या सोनेरी काळाचा भाग मेसेजमधून सोयीस्कर गळला आहे. माझ्या आजीचा भांग कपाळाशी रुंद झाला होता. रोज तोच घट्ट अंबाडा, तोच ताण, त्याने पुढचे केस गेले. शिकेकाई काय करणार होती?

आज्यांची एक गोष्ट मात्र प्रयोगानेही खरी ठरली आहे. न्हाण्याआधी खोबरेल तेल लावलं तर धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं, असं मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. तीच कंपनी खोबरेल तेल विकते, हे लक्षात ठेवूनच वाचावं. तरी प्रयोग नीट होता, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल त्यात मागे पडलं.

केसगळतीचं सांगायचं तर आपल्याला केस म्हणून जे दिसतं ते मेलेलं असतं. जिवंत भाग त्वचेखाली तीन-चार मिलिमीटर आत असतो, तिथे मिनिटभराचा फेस पोचत नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता टिकून राहतो आणि गळतो. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हा नेहमीचाच हिशेब. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या, वेणी घालणाऱ्या बाईचे असे सुटलेले कितीतरी केस वेणीतच अडकून असतात, आणि रविवारी मोरीच्या जाळीवर एकदम गोळा होतात. ते पाहून तिच्या पोटात गोळा येतो. आळ येतो हातातल्या बाटलीवर. ते केस तर आधीच सुटलेले होते, पाण्याने फक्त खाली आणले.

माझ्या चुलत बहिणीची गोष्ट सांगते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिचे केस मुठीमुठीने जायला लागले. तिने शॅम्पू बंद केला, सासूबाईंनी शिकेकाई उकळून दिली, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत कपाळाशी बारीक नवे केस उभे राहिले. तेव्हापासून ती शिकेकाईची प्रचारक आहे. पण बाळंतपणानंतर केस असेच जातात आणि बहुतेकींचे असेच परत येतात, शॅम्पू लावा नाहीतर राख लावा. टायफॉइड, डेंग्यू, कोविडनंतरही दोन-तीन महिन्यांनी हेच होतं. आपोआप थांबणाऱ्या गोष्टीचं श्रेय त्या वेळी जे हातात असेल त्याला मिळतं. बहिणीच्या बाबतीत नुकसान झालं नाही. नुकसान होतं ते गळती थांबत नसताना बाई वर्षभर शिकेकाई, माका, जास्वंद बदलत बसते तेव्हा, कारण मागे थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असू शकते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यांना रक्ताची तपासणी करायला सांगणारा मेसेज मला आजवर एकही आलेला नाही.

खायचा सोडा मी स्वतः करून पाहिला आहे, दीड महिना. तेव्हा पुण्याच्या कडेला नव्या सोसायटीत राहत होतो, बोअरचं जड पाणी. पहिल्या दोन वेळा केस इतके कोरे वाटले की मी खूश. चौथ्या आठवड्यात विंचरताना कंगवा अर्ध्यावर अडकायला लागला, केस काथ्यासारखे झाले आणि टोकाला चिरले. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. सोड्याचं पाणी अल्कधर्मी, त्याने केस फुगतो, कौलं वर उचलली जातात आणि एकमेकांना घासून तुटतात. व्हिनेगरने मागाहून ते थोडं सावरतं, पण दर आठवड्याला कौलं उचकटून पुन्हा बसवायची कशाला? काही मेसेजमध्ये तर सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र करायला सांगतात. ते करून पाहा, मस्त बुडबुडे येतात. बुडबुडे संपले की वाटीत जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं.

आणि सहा आठवडे काहीच न लावणं. डोक्याच्या तेलग्रंथी किती तेल सोडतील हे शरीरातली संप्रेरकं ठरवतात. म्हणूनच वयात येताना डोकं तेलकट होतं आणि म्हातारपणी कोरडं. तुम्ही डोकं धुतलंत की नाही याची त्या ग्रंथींना खबर नसते. सहा आठवड्यांत बदलते ती आपली सवय, आणि शेजारी बसणाऱ्याची सहनशक्ती. मे महिन्यात विरार लोकलमध्ये हा प्रयोग करणारीला माझा नमस्कार. ज्यांना कोंडा आहे त्यांना तर हा सल्ला उलटाच पडतो. कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची बुरशी असते आणि ती डोक्यावरच्या तेलावरच जगते. तिला सहा आठवडे जेवण घालायचं, वरून रात्रभर तेल जिरवायचं, आणि मग कोंडा वाढला की ‘शरीर विष बाहेर टाकतंय’ म्हणायचं! कोंड्याला केटोकोनॅझोलसारख्या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू लागतो, तो डॉक्टर सांगतील तसा, आणि डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. बहुतेक जण फेस येताक्षणी धुतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात.

शॅम्पूवाल्यांची बाजू घेण्याचं मला काही कारण नाही. रोज डोकं धुवायची बहुतेकांना गरज नसते, जाहिरातीतल्या बाईइतका फेस तर कुणालाच लागत नाही. एक-दोन रुपयांच्या पुड्या नाल्यांत, नदीकाठी साचतात, त्या कुणी गोळा करत नाही, कारण त्या थरांच्या प्लास्टिकला भंगारात भाव नाही. बाटलीवर शेंगांचं चित्र आणि ‘शिकेकाई’ असं ठळक छापलेलं असतं, ती उलटी करून घटक वाचले की पाण्यानंतर बहुधा तेच सोडियम लॉरेथ सल्फेट सापडतं. पुड्यांचा कचरा नको म्हणून, पैसे वाचतात म्हणून, किंवा तो वास आवडतो म्हणून कुणी शिकेकाईकडे वळलं तर मी कांडपवाल्याचा पत्ता देईन.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, मावशीला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तू या वेळी माझ्यासाठी शिकेकाई कांडून आणणार नाहीस?”

“आणते गं. तुझ्या कोंड्याचं काय म्हणाले डॉक्टर?”

“तो शॅम्पू दिलाय त्यांनी. बुधवारी लावते.”

“आणि रविवारी?”

“रविवारी शिकेकाई. पण या वेळी वस्त्रगाळ करून आण, मागच्या वेळी भांगात कुसळं राहिली होती.”