ढग सोडायचा नसतो

तुम्ही मंत्री असाल, सचिव असाल किंवा नुसतेच वजनदार आमदार असाल, आणि जुलै सरत आला तरी जिल्ह्यात पेरण्या खोळंबल्या असतील, तर कृत्रिम पावसाचा प्रयोग करायलाच हवा. फक्त तो शास्त्रज्ञांच्या हाती देऊ नका. ही माणसं चांगल्या प्रयोगाची वाट लावतात.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काय केलं ते पाहा. 1973 ते 1986 या काळात, मधली काही वर्षं वगळून, तब्बल अकरा पावसाळे त्यांनी बारामती-अहमदनगर भागातल्या ढगांत मिठाची भुकटी फवारली. 4800 चौरस किलोमीटरचा टापू घेतला, त्याचे तीन पट्टे पाडले, मधला मोकळा ठेवला. आज फवारणी उत्तरेच्या पट्ट्यात करायची की दक्षिणेच्या, हे चक्क नशिबावर सोडलं. म्हणजे वर ढग आहे, विमानात मीठ आहे, खाली कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलाय, आणि साहेब म्हणतात, आज दक्षिणेची पाळी नाही! एवढं करून निष्कर्ष काय, तर पाऊस 24 टक्क्यांनी वाढला, आणि निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार. प्रयोग सुरू झाला तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. आवरला तेव्हा शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा त्या खुर्चीत बसले होते. मधल्या मुख्यमंत्र्यांनी फीत कशाची कापायची?

बरं, ढग मोकळा सोडण्यामागचा त्यांचा युक्तिवाद ऐकून ठेवा, विधानसभेत कुणी काढला तर गडबडायला नको. एकाच दुपारी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन ढगांपैकी एक धो-धो कोसळतो आणि दुसरा विरून जातो. फवारलेला ढग फवारणीविनाही बरसलाच असता का, हे त्या ढगाला विचारण्याची सोय नाही. म्हणून तशाच जातकुळीचे काही ढग मुद्दाम सोडून द्यायचे आणि दोन्हींच्या पावसाचा ताळा मांडायचा. कोणता सोडायचा हे माणसानं ठरवायचं नाही, कारण माणसाची नजर आपोआप गुबगुबीत ढगाकडे जाते. युक्तिवाद बिनतोड आहे, मान्य. पण सोडलेल्या ढगाखाली तालुका असतो आणि तालुक्याला आमदार असतो. ‘तुमच्यावरचा ढग आम्ही तुलनेसाठी राखून ठेवला होता’ हे वाक्य पंचायत समितीच्या बैठकीत एकदा म्हणून बघा.

तेव्हा आपली रीत बरी. औरंगाबादला 2015 मध्ये असाच घाट घातला गेला, 2019 मध्ये पुन्हा. त्या वर्षी मंत्रिमंडळानं 30 कोटी मंजूर केले, आणि विमान ऑगस्टमध्ये उडालं. (त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पुरात होती, पण ते पाणी आपल्या विभागाचं नव्हे.) ऑगस्टच का, हे नीट समजून घ्या. मराठवाड्यात सप्टेंबर हा बऱ्यापैकी पावसाचा महिना असतो. ऑगस्टमध्ये विमान उडवलं की पुढचं पर्जन्यमापक आपोआप लिहितात. शिवाय आभाळात ढगच नसतील तर विमान उडतच नाही, आणि असतील तर थोडाफार पाऊस कुठंतरी होतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला इतकी हुकमी गाठ दुसऱ्या कुठल्याच खात्यात घालून मिळत नाही. संध्याकाळच्या प्रसिद्धिपत्रकात पाऊस झालेल्या गावांची यादी द्या. पाऊस न झालेल्या गावांची यादी मागण्याइतका वेळ कुणाकडे नसतो. आणि हो, निधी मागताना याला दुष्काळ निवारण म्हणा, हिशेब मागितला गेला की प्रयोग म्हणा.

पुण्याच्याच संस्थेनं पुढे सोलापूरच्या पर्जन्यछायेत पुन्हा ढग निवडून, काही फवारून आणि काही सोडून, हिशेब केला. शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी 18 टक्के वाढ निघाली, तीही योग्य ढग योग्य वेळी गाठला तर. यातला ‘18 टक्के’ तेवढा उचला. ‘तर’ भाषणात बसत नाही.

इस्रायलचं मात्र नावही काढू नका. तिथं 1975 पासून उत्तर भागात फवारणी हा सरकारी कार्यक्रमच होता, सुखानं चालला होता. मग कुणाला तरी पुन्हा पडताळणीची हुक्की आली. 2013 ते 2020 असे सात हिवाळे रीतसर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. वाढ निघाली 1.8 टक्के, म्हणजे योगायोगापासून वेगळी न काढता येण्याजोगी. आणि पठ्ठ्यांनी कार्यक्रम बंद केला! स्वतःच्याच खात्याचा, स्वतःच्याच अहवालावरून. अशा देशात अभ्यासदौरा काढू नये.

दौरा काढायचाच तर दिल्लीला काढा. ऑक्टोबर 2025 मध्ये प्रदूषण धुऊन काढायला तिथं विमान उडवलं. ढगांत ओलावा जेमतेम 10-15 टक्के, दिल्लीत पाऊस म्हणावा असा पडलाच नाही. तरी हवेतले धूलिकण कमी झाल्याचं सांगण्यात आलं. आपण अजून पावसाच्या थेंबांत अडकलोय, ते बघा कुठं पोचले.

राहता राहिली निविदा. त्यात मूल्यमापनाचं कलम घालू नका. वित्त विभागानं अडवलंच तर उड्डाणाचे तास आणि जाळलेल्या फ्लेअर (म्हणजे विमानातून ढगात क्षारांचा धूर सोडणाऱ्या नळकांड्या) मोजायचं ठरवा. दोन्ही आकडे कंत्राटदाराच्या बिलावर तयारच असतात.