उद्योजकाची मुलाखत घ्यायला जाताय? मग हिशोब विचारा

कोल्हापुरातल्या बीकॉम, बीबीए, इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना 'एका स्थानिक उद्योजकाची मुलाखत' हा प्रोजेक्ट हमखास मिळतो. विषय सोन्यासारखा आहे. पण अहवाल उघडला की जिद्द, चिकाटी, प्रामाणिकपणा, 'शून्यातून विश्व' आणि शेवटी मालकांसोबतचा फोटो. धंदा कसा चालतो याची एक ओळ नसते. याचा दोष मी मालकांना देणार नाही. 'तुमच्या यशाचं रहस्य काय?' असं विचारल्यावर माणूस भाषणच करणार. 'शंभर रुपयांच्या मालात कच्च्या मालाचे किती जातात?' असं विचारलं की तोच माणूस खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

माणूस निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. पाच ते वीस कामगार किंवा घरचीच माणसं, मालक स्वतः शेडमध्ये किंवा गल्ल्यावर, आणि जागा अशी की आठ दिवसांनी पुन्हा जाता येईल. उद्यमनगरातलं मशीन शॉप, शिरोली किंवा गोकुळ शिरगावची छोटी फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना), हुपरीचा चांदीचा कारखाना, सुभाषनगरात चपला करणारं कुटुंब, गावाकडचं गुऱ्हाळ, घरून कांदा-लसूण चटणी विकणाऱ्या ताई. यातलं काहीही चालेल.

वेळ मात्र नीट बघा. महिन्याच्या ७ ते ११ तारखा टाळा, पगार आणि जीएसटीचं पहिलं रिटर्न तेव्हाच असतं. १८ ते २० सुद्धा टाळा, तेव्हा दुसरं रिटर्न असतं. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, ती आधी विचारून घ्या. फोनवर तीनच गोष्टी सांगा: कोण, कुठल्या कॉलेजचे, आणि चाळीस मिनिटं हवी आहेत. 'आता टाईम नाही बाळ' असं उत्तर आलं तर 'मग पुढच्या आठवड्यात कधी येऊ, काका?' एवढं विचारायचं. दोघांनीच जायचं, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. अख्खा वर्ग एका शेडमध्ये शिरला की मालक पाहुणचार करतात, चहा पाजतात आणि काहीच सांगत नाहीत. रेकॉर्डिंग करायचं तर परवानगी घ्या, पण पैशाचा विषय निघाला की फोन स्वतःहून बंद करून बाजूला ठेवा.

'नफा किती?' हा प्रश्न विचारायचाच नाही. खरा आकडा कुणी सांगणार नाही आणि सांगू पण नये. टक्क्यात विचारा: कच्चा माल, मजुरी, वीज, वाहतूक, व्याज. मग नुकसानीकडे या, कारण खरं शिक्षण तिथं आहे.

फाउंड्रीचं उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. २० किलोचं कास्टिंग (साच्यात ओतलेला लोखंडी भाग), दर किलोला १०० रुपये, म्हणजे नग २००० चा. खर्च १८४०, सुटतात १६०. शंभर नग पाठवले तर १६,००० मिळायला पाहिजेत. त्यातले पाच नग ग्राहकाकडे मशीनिंग करताना आत ब्लो होल (वाफ-वायूमुळे पडलेली पोकळी) निघाल्यामुळे परत आले. विक्री ९५ नगांची, १,९०,०००. खर्च मात्र शंभर नगांचा, १,८४,०००. राहिले ६,०००. परत आलेलं १०० किलो लोखंड पुन्हा भट्टीत जाईल, त्याचे भंगाराच्या ३५ रुपयांच्या भावानं ३,५०० धरा. ग्राहकानं मशीनिंगचा खर्च म्हणून नगाला ५०० ची डेबिट नोट लावली, म्हणजे तेवढे पैसे बिलातून कापले, गेले २,५००. हातात ७,०००. शंभरातले फक्त पाच नग खराब, आणि नफा निम्म्याच्या खाली! हे एकदा कागदावर मांडलं की मालक वाळूतल्या ओलाव्यावर आणि कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) नीट भाजला की नाही यावर दिवसभर का खेकसत असतात ते कळतं.

दुसरा विषय उधारीचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. मालकांना विचारा, प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात? उशीर झाला तर तक्रार का करत नाही? 'पुढची ऑर्डर कोण देणार मग?' या एका वाक्यात जे कळतं ते फायनान्सच्या पुस्तकात नाही.

चटणीच्या धंद्यात हीच अडचण उलट्या बाजूनं येते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला घेऊन ठेवावी लागते, विक्री वर्षभर थोडी थोडी. म्हणजे पैसे आज गेले आणि परत यायला बारा महिने. ताईंना विचारा: मिरचीला पैसे कुठून उभे केले? बचत गटाचं कर्ज की सोनं गहाण? पावसाळ्यात मिरचीला बुरशी लागली तर काय? डंकावर कुटल्यावर वजनात घट किती येते? घट न धरता किलोचा भाव काढणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक आहे. आणि दुकान नवऱ्याच्या नावावर असलं तरी जमाखर्चाची वही बऱ्याच घरात बाईच्या हातात असते. तिच्याशी बोलल्याशिवाय उठू नका.

गुऱ्हाळावर जाणार असाल तर घरूनच गणित करून जा. एक टन उसाला साधारण १०० ते ११० किलो गूळ पडतो, म्हणजे किलोभर गुळाला नऊ-दहा किलो ऊस. उसाच्या आजच्या दरानं गुणा, मजुरी धरा, आणि मग गुळाचा बाजारभाव बघा. प्रश्न आपोआप तयार होतील. तिथं एक पथ्य पाळा: आधण (रसाची एक खेप) उतरायच्या वेळी गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी, बोलायचं नाही. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि त्यावर काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरवायची ठरवतो. थोडं आधी उतरलं तर गूळ मऊ राहून पाझरतो, उशीर झाला तर करपून काळा पडतो आणि सौद्यात भाव कमी मिळतो. उभं राहून बघा. गूळ वाफ्यात ओतून झाला की मग विचारा.

आता आत्मविश्वासाचं. स्टेजवर बोलायला शिकवून तो येतो असं मला वाटत नाही. अनोळखी, वयानं मोठ्या, कामात गुंतलेल्या माणसासमोर बसून नेमका प्रश्न विचारता आला, उत्तर कळलं नाही तर 'काका, हे परत सांगा की' म्हणता आलं, की तो येतो. त्यासाठी मुलाखत दोनदा घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवशी ऐकलेलं त्याच संध्याकाळी उतरवा, एका नगाचा किंवा एका किलोचा खर्च एका पानावर मांडा, आणि आठवड्याच्या आत ते पान घेऊन परत जा. 'आम्ही असा हिशोब केलाय, कुठं चुकलं?' मालक पेन मागून घेतील. 'यात भाडं कुठाय? माझा स्वतःचा पगार कुठाय? मशीनची झीज?' त्या पानावर होणाऱ्या खाडाखोडीतच उद्योजकता शिकायला मिळते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून वर्गात गप्प बसणारी पोरंही या दुसऱ्या भेटीत मोकळी बोलतात, कारण बोलायला हातात स्वतःचा कागद असतो.

शिक्षकांना विनंती: गुण फोटोला आणि बाइंडिंगला देऊ नका, त्या खाडाखोड झालेल्या पानाला द्या. छापील प्रश्नावली तर हातात देऊच नका, मुलं प्रश्न वाचत बसतात आणि समोरच्याचं उत्तर ऐकतच नाहीत.

अहवालात ग्राहकांची नावं, खरेदीचे दर आणि उधारीचे आकडे मालकांना विचारल्याशिवाय लिहायचे नाहीत. कॉलेजात जमा करायच्या आधी एक प्रत त्यांना वाचायला द्या आणि ते म्हणतील ते काढून टाका.