गाडीच्या अंगात येतं तेव्हा

भर दुपारी भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत उभी असलेली दहा टायरची गाडी एकाएकी घुमायला लागते. ड्रायव्हर सीटवर मांडी घालून बसलेला, अ‍ॅक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नाही, तरी इंजिनाचे फेरे सहाशेवरून हजाराच्या पुढे गेलेले. पंखा बोंब मारतो, बाजूने भट्टीसारखी धग येते, आणि शेजारच्या गाडीचा क्लिनर जेवणाचा डबा उचलून लांब जाऊन बसतो. गाडी धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी स्वतःच जाळतेय. कंपनीच्या पुस्तकात याला रिजनरेशन म्हणतात, ड्रायव्हर लोक रिजन म्हणतात. मी अंगात येणं म्हणतो, कारण एकदा आलं की पुरतं उतरेपर्यंत मध्ये बोलायचं नसतं. आणि मध्ये बोलायला तर सगळं गाव टपलेलं असतं.

ही देवी आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला घरोघरी आली. धुराच्या प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांनंतर पाचवी इयत्ता गाळून सरकारने गाड्यांना थेट सहावीत बसवलं. तेव्हा देश लॉकडाउनमध्ये घरात होता, त्यामुळे नव्या पुस्तकातले धडे कुणी वाचलेच नाहीत. डॅशबोर्डवरच्या नव्या दिव्याचा अर्थ बहुतेकांना दिवा लागल्यावरच कळला.

जुन्या गाडीला सायलेन्सर होता तिथे आता एक जाडजूड डबा असतो. त्याच्या पोटात चिनी मातीच्या जातीचं, मधाच्या पोळ्यासारखं बारीक घरांचं नळकांडं: हा डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. प्रत्येक घर एका टोकाला बुजवलेलं, शेजारचं दुसऱ्या टोकाला. धुराला सरळ वाटच नाही, भिंतीतून पाझरूनच बाहेर पडावं लागतं, आणि काजळी आत राहते. फिल्टर धड आहे की नाही याची फुकटातली परीक्षा म्हणजे गाडी पूर्ण गार असताना धुराच्या नळीच्या तोंडात आतून बोट फिरवायचं. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर आत तडकलाय, मग दिवा लागो न लागो.

पूर्वी कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की चुलीतली राख चिमूटभर घेऊन काच घासायची. इथे सगळं उलटं. काजळी राखेने जात नाही, ती जाळावी लागते, आणि जाळल्यावर जी राख उरते तीच खरी डोकेदुखी होऊन बसते. तिच्याकडे येऊच.

काजळी जळायचे प्रकार दोन. भरलेली गाडी हायवेवर जोर लावून चालत असेल तर धूर २५० ते ४०० अंश तापतो. फिल्टरच्या आधी बसवलेल्या डीओसी नावाच्या, धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या डब्यात नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो काजळी जाता जाता खाऊन टाकतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. हे जमलं नाही की गाडी स्वतःच धुरात जादा डिझेल सोडते, ते डीओसीत पेटतं, आणि फिल्टर साधारण ५५० ते ६५० अंशांवर नेऊन काजळी जाळली जाते. याला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे फिल्टरचं मागणं एकच आहे: एक तर मला मोकळ्या रस्त्यावर दमवा, नाहीतर अर्धा-पाऊण तास कुणी हात लावू नका.

आता सांगा, आपल्या धंद्यात यातलं काय मिळतं? न्हावा शेवाला कंटेनरच्या रांगेत उभं राहा, कळंबोलीत थांबा, शहरात अवजड वाहनांना बंदी म्हणून नाक्यावर थांबा, गोदामात हमाल जेवायला गेले म्हणून थांबा. आणि थांबायचं तर इंजिन चालू ठेवून, कारण केबिनमध्ये उकडतं. उभ्या गाडीत नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर शे-दोनशे अंशांच्या आसपास रेंगाळतो. त्यावर काजळी जळत नाही, उलट अर्धवट जळालेलं डिझेल डीओसीच्या तोंडाशी चिकट थर धरतं. मग पुढे कितीही रिजन मारा, पेटायची जागाच चोंदलेली. घाटाचंही एक गंमतशीर गणित आहे. खोपोलीहून लोणावळ्याकडे भरली गाडी चढवली तर फिल्टर खूष. तीच गाडी पुण्याहून उतरताना इंजिन ब्रेकवर येते, डिझेल जवळजवळ जळतच नाही, धूर गार पडतो. किलोमीटर तेवढेच, पुण्य शून्य. शहरात घुटमळणाऱ्या गाडीला म्हणूनच अधूनमधून भरल्या लोडने रात्री कसारा चढवून इगतपुरी दाखवावी. देवदर्शनाइतकाच गुण येतो.

दिव्यांची भाषा कंपनीगणिक थोडी बदलते, पण सूर तोच. ठिपके भरलेल्या डब्याचं चित्र स्थिर लागलं तर ती विनंती आहे: हायवेवर ने. लुकलुकायला लागलं की ताकीद: बाजूला लाव आणि बटण दाबून रिजन कर. सोबत इंजिनाचा दिवा लागून पिकअप मेला, गाडी चढावर रांगायला लागली, की शिक्षा. त्यानंतर लाल दिवा आला तर बटण दाबण्यात अर्थ नाही, स्कॅनरवाल्या देवऋषीलाच बोलवावं लागतं. आणि पुष्कळदा गाडी बटण ऐकतही नाही तेच बरं असतं. काजळी फार साठलेली असताना एकदम पेटली तर आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाते आणि पोळं तडकतं किंवा वितळतं. नव्याची किंमत लाखाच्या भाषेत असते. ती ऐकताना शेठना आधी खुर्ची द्यावी.

उभ्या रिजनचे नेम सोवळ्याइतके कडक. गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चांगलं तापलेलं, डिझेल रिझर्व्हला टेकलेलं नको, पीटीओ (इंजिनाच्या जोरावर बाहेरचं यंत्र चालवणारा जोड) बंद, क्लच-ब्रेकवर पाय नाही, आणि दुसरा कुठला मोठा फॉल्ट जागा नाही. यातला एक नेम चुकला तरी देवी येत नाही, आणि का येत नाही हेही सांगत नाही. रिजन बंद ठेवायचं बटण वेगळं असतं. ते कुणीतरी पुसताना दाबून ठेवलंय का हे आधी बघावं. निम्मे चमत्कार तिथेच उलगडतात.

जागेचं भान त्याहून महत्त्वाचं. खाली वाळलेलं गवत नको. कडब्याची गंजी नको. ताडपत्रीची लोंबती टोकं आणि दोरखंड डब्यापासून दूर बांधलेले हवेत. शेजाऱ्याचा टायर धुराच्या नळीसमोर नको. बंद शेडमध्ये नाही, पंपावर तर नाहीच नाही. पेटणारा माल भरलेला असेल तर आधी मालकाला आणि मग डेपोला विचारायचं. सुरुवातीला पांढरा धूर दिसला तर डीओसी अजून थंड आहे आणि डिझेल न पेटताच बाहेर येतंय असं समजावं. तो वाढतच गेला तर थांबवावं.

दर दोन दिवसांनी रिजन मागणाऱ्या गाडीचा फिल्टर बदलून काही होत नाही. काजळी फिल्टर तयार करत नाही, इंजिन करतं. गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून येणारं ऑइल, इंटरकूलरच्या होजला बारीक चीर, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला एअर फिल्टर: आधी हे बघा. आणि त्याच्याही आधी प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्या. फिल्टरच्या पुढून, म्हणजे धूर शिरतो तिथून एक, मागून, म्हणजे बाहेर पडतो तिथून एक, दोन बारीक नळ्या सेन्सरकडे गेलेल्या असतात. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरून गाडी ओळखते की आत किती साठलंय. पुढची नळी तडकली तर दाब कमी दिसतो, आणि भरलेला फिल्टर रिकामा समजून गाडी गप्प राहते. मागची नळी निखळली किंवा काजळीने बुजली तर रिकामा फिल्टर भरलेला वाटतो आणि गाडी उगाच घुमते. शंभर-दोनशे रुपयांच्या रबरापायी लाखाचा डबा खोललेला पाहिला की जीव कळवळतो. नळीला वाफेचं पाणी साठेल असा खोलगट झोळ ठेवायचा नाही, एवढंच पथ्य.

ऑइलची दांडी रोज बघण्याला आता वेगळा अर्थ आलाय. ज्या इंजिनात रिजनचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात, तिथे त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. रिजन वारंवार अर्धवट सुटलं की ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. पातळी वरच्या खुणेच्या वर आणि वासाला डिझेल, म्हणजे ऑइल पातळ झालंय, बदला. ‘आपली गाडी ऑइल खात नाही, उलट देते’ म्हणून खूष झालेले मालकही असतात. ऑइल सीके-४ किंवा पुस्तकात लिहिलेल्या कमी राखेच्या जातीचंच घाला. ऑइलमधले कॅल्शियम-जस्ताचे क्षार जळून जी राख होते ती कुठल्याही रिजनने जळत नाही. फिल्टर उतरवून, भट्टीत तापवून, उलट्या बाजूने हवा मारूनच ती काढावी लागते. उतरवण्याआधी बाणाची दिशा खडूने लिहून ठेवावी, बसवताना गॅस्केट नवी घ्यावी, आणि साफ करण्याआधी-नंतर वजन करून मागावं. वजन न करता ‘एकदम चकाचक’ म्हणणाऱ्याचा फिल्टर बहुतेक नुसता पुसलेला असतो. ॲसिड किंवा गाडी धुवायचा प्रेशर पंप मारणाऱ्याला तर हातच लावू देऊ नये. आतलं रासायनिक अस्तर गेलं की उरतं ते नुसतं चिनी मातीचं भांडं.

युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, याचा काजळीशी संबंध नाही. ते फिल्टरनंतरच्या डब्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडचा बंदोबस्त करायला फवारतात. ‘रिजन होत नाही, दहा लिटर युरिया टाक’ हा सल्ला म्हणजे पोट दुखतंय म्हणून चष्म्याचा नंबर बदलणं. आणि ढाब्यामागच्या पिंपातलं स्वस्त डिझेल? बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांहून जास्त नसतं. पिंपाच्या मालकाला त्याने गंधक मोजलं का विचारा, तो तुम्हाला चहा पाजेल.

असो. जागा सापडली, गवत नाही, ताडपत्री बांधली, बटण दाबलं. दहा मिनिटं नुसतं तापण्यात गेली. विसाव्या मिनिटाला वॉचमन येऊन म्हणाला, ‘ओ, गाडी बंद करा, साहेबांच्या केबिनमध्ये धग जाते.’ त्याला चहा दिला. पंचविसाव्याला मागच्याने हॉर्न वाजवला, त्याला हात जोडले. क्लिनर दिव्यावर डोळे लावून बसलेला, ‘उस्ताद, चारच मिनिटं राहिली असतील.’ तेवढ्यात आतून सुपरवायझरची हाक येते: ‘चौदा नंबर! झोपलास का? गाडी लाव डॉकला!’