साहेब झोपलेत, बोला माझ्याशी

दार मी उघडलं. फ्लॅट माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून जातो, सायकल माझी, ती घरात जागच्या जागी चालवायचं ट्रेनर नावाचं यंत्र माझं, कपाळावरून टपटपणारा घाम माझा. आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन सकाळी साडेसहाला दारात उभे राहून, माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतात, "साहेब आहेत का?"

त्यांच्या मागे जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका. बनियनवर, हाताची घडी घालून.

साहेब झोपलेत. साहेबांचा त्या सायकलशी काडीचा संबंध नाही. बोला ना माझ्याशी! समोर उभी आहे मी, पायात पेडलला अडकणारे क्लीटचे शूज आहेत, हातात टॉवेल आहे, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. यातून कळत नाही का सायकल कोण चालवत होतं ते?

आणि वेळ कोणती गाठली, तर एफटीपी टेस्टची. ज्यांनी ती दिली आहे त्यांना माझा संताप समजेल. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, त्या वीस मिनिटांचे सरासरी वॉट काढायचे, त्याच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल एवढ्या ताकदीचा आकडा. पुढचे कित्येक आठवडे सगळे व्यायाम त्या आकड्यावर बेतलेले असतात. शेवटची तीन मिनिटं उरली होती. मांड्या पेटलेल्या, डोळ्यांत घाम, स्क्रीनवरचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वर. तेवढ्यात बेल. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा बेल. मग त्या गृहस्थांनी बेलवर बोट दाबून धरलं ते सोडेचनात. सासूबाई घाबरून खोलीतून बाहेर आल्या, सकाळी सकाळी कोण गेलं की काय म्हणून. उतरावं लागलं. आलेखाची रेघ धाडकन शून्यावर. एवढं सगळं वाया! आता उद्या पुन्हा करू म्हटलं तर होत नाही, पायांना निदान दोन दिवस सोडावं लागतं.

"मॅडम, सकाळी सकाळी गिरणी चालवता का हो घरात? आमच्या कपाटातल्या कपबशा वाजतात."

मी म्हटलं, काका, आत या, बघा कसला आवाज येतो. नाही आले. म्हटलं, मी तुमच्याकडे खाली येते, माझा मुलगा इथे पेडल मारेल, आपण तुमच्या खोलीत उभं राहून ऐकू, खरंच हादरे येत असतील तर मी जागा बदलते. तर चेअरमन म्हणतात, "त्याची काही गरज नाही, आम्हाला कळतं." काय कळतं? ट्रेनर डायरेक्ट ड्राइव्हचा आहे. मागचं चाक काढून सायकल थेट त्यावर बसते, टायर रोलरवर घासायचा प्रश्नच नाही. त्याच्याखाली जाड रबरी मॅट आहे. त्याच्याखाली आणखी फोमचे चौकोन आहेत. हे सगळं मी कुणी सांगायच्या आधी, स्वतःहून केलंय, कारण खाली माणसं राहतात हे मला कळतं. घरात सगळ्यात जास्त आवाज असेल तर तो पंख्याचा आहे, आणि तो पंखा बंद करता येत नाही. पेडलवर दोनशे वॉट काढायचे तर शरीर त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतं. बंद हॉलमध्ये, समोर वारा नसताना, दहा मिनिटांत भोवळ येईल. छताच्या पंख्याने काही होत नाही.

आणि मी सहाच्या आधी कधीच चालू करत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्र म्हणतात ती दहा ते सहा. सहा वाजून गेल्यावरच पाय पेडलवर ठेवते मी. पण चेअरमनांच्या घरी टाइल्स बदलल्या तेव्हा महिनाभर कटर किंचाळत होता, पांढरी पूड पार आमच्या चपलांच्या स्टँडपर्यंत, दुपारी सासूबाईंचा डोळा लागत नव्हता, तेव्हा कुणी गेलं होतं का त्यांच्या दारात बनियनवर? गणपतीत पार्किंगमध्ये जे स्पीकर लागतात त्याने खिडकीच्या काचा थरथरतात. ते चालतं. ती संस्कृती. माझा ट्रेनर म्हणजे गिरणी.

मग स्लॅबचा मुद्दा निघाला. "स्लॅबवर लोड येतो मॅडम, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" अहो, राहत्या घराच्या खोलीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरलेत, म्हणजे साधारण दोनशे किलो. ट्रेनर, सायकल आणि मी, तिघं मिळून शंभराच्या आसपास, आणि तेही दीड-दोन मीटर लांबीवर पसरलेले. पुस्तकांचं भरलेलं कपाट याच्याहून जड असतं. आणि ज्या काकांच्या कपबशा वाजतात, त्यांनी स्वतःच्या गॅलरीत ५०० लिटरची पाण्याची टाकी ठेवली आहे. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो! तिचा लोड कोण मोजणार? मी हे म्हटलं तर म्हणे, "पाणी ही गरज आहे."

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यापुढच्या वाक्याने. "एवढे मोठे रस्ते आहेत बाहेर, बाहेर चालवा की सायकल."

बाहेर.

बाहेर कुठे, ते जरा सोबत येऊन दाखवा. आपल्या नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यात सकाळी साडेआठला सायकल घालून दाखवा. पाथर्डी फाट्याला, अंबडकडे जाणाऱ्या मालट्रकच्या आणि रिक्षांच्या मधून निघून दाखवा. सिंहस्थ २०२७ चा, म्हणून रस्ते खोदलेत. काल होता तो रस्ता आज नाही, खडी पसरलेली, चेंबरची झाकणं डांबराच्या वीतभर वर. बारीक टायरची सायकल खडीवर घसरली की काय होतं ते माझ्या कोपरावर अजून दिसतं. पावसाळ्यात खड्डा आणि डबकं यात फरक कळत नाही. त्र्यंबक रोडला पहाटे निघायचं तर अंधार, अंधारात कुत्री, आणि कुत्री परवडली असं वाटायला लावणारी पोरं. मोटारसायकल अगदी खेटून आणायची, काहीतरी बोलायचं आणि गॅस पिळून पुढे जायचं. सोबत ग्रुप असला तरच जाते, एकटी जात नाही. हे सगळं नको म्हणूनच तर हा सगळा खटाटोप घरात मांडला! रस्त्यावर ट्रक नकोत, घरात आवाज नको, मग बाईने सायकल चालवायची कुठे, लिफ्टमध्ये?

लिफ्टवरून आठवलं. ट्रेनर आला त्या दिवशी वॉचमनने खोका लिफ्टमध्ये घालू दिला नाही. "अवजड सामानाला मनाई आहे, चेअरमन साहेबांची ऑर्डर." पंधरा-सोळा किलोचा खोका! त्याच लिफ्टमधून लोकांचे सोफे गेलेत, प्लायवूडच्या शीट तिरक्या करून गेल्यात. डिलिव्हरीवाला खोका गेटपाशी टाकून निघून गेला, मी आणि मुलगा जिन्याने वर घेऊन आलो.

मग ते दुकान. शहरातलं नावाजलेलं सायकलचं दुकान. माझी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, दहा स्पीडची; ती ज्यावर बसते तो ट्रेनरचा फ्रीहब अकरा स्पीडचा. मध्ये १.८५ मिलिमीटरची एक रिंग, स्पेसर, लागते, बस्स. ती घातली नाही तर लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट खुळखुळतेच. पेडल मारलं की खडखड, गिअर आपोआप सटकतो. दुकानात घेऊन गेले तर काउंटरवरचा माणूस हात न लावता सांगतो, "ताई, तुमचा ट्रेनरच डिफेक्टिव्ह आलाय." म्हटलं, स्पेसर लागतो का बघा. तर म्हणे, "तुमच्या मिस्टरांना पाठवा, मी त्यांना समजावतो." पुन्हा मिस्टर! माझ्या मिस्टरांना स्पेसर म्हणजे काय ते मी समजावलं असतं. शेवटी ती रिंग सायकलिंगच्या ग्रुपमधल्या एका मुलीने तिच्या डब्यातून काढून दिली. दोन मिलिमीटर जाडीचीही नाही. बसवली, आवाज गेला.

पुलअप बारवाला त्याच माळेचा. आमच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, पांढऱ्या, हलक्या. त्यात साधा अँकर फास्टनर धरत नाही, लटकलं की भोक मोठं होत जातं आणि सगळं भुग्यासकट बाहेर येतं. केमिकल अँकर तरी लागतो, नाहीतर बार थेट बीमला ठोकायचा. मी फोनवर हे सांगितलं होतं. आला तो ड्रिल आणि साध्या फास्टनरची पिशवी घेऊन. "काही होत नाही मॅडम, असे लय बसवलेत." माझ्या डोक्यावर पडला असता म्हणजे? मी त्याला बीम दाखवला, तर वर ड्रिल धरायला त्रास होतो म्हणून दोनशे रुपये जास्त मागितले. दिले, कारण पुन्हा नवा माणूस शोधायचं त्राण नव्हतं.

आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण. कोपऱ्यात डंबेल, बेंच आणि सायकल दिसली की पहिला प्रश्न, "वजन कमी करायचंय का?" नाही. मला बीआरएम करायची आहे, ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. २०० झाली आहे, ३०० करायची आहे, म्हणून मी पहाटे उठते. मी बारीक दिसते की जाड, याच्याशी त्या सायकलचा संबंध नाही. दुसरा प्रश्न, "जागच्या जागी चालवून काय मिळतं?" आणि तिसरी गोष्ट प्रश्न न विचारताच होते, हँडलवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घालतं. घरातल्यांना सांगून थकले. घामातलं मीठ हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट खातं म्हणून मी रोज पुसून ठेवते, आणि हे वर ओलं फडकं टाकतात.

तरीही घरच्यांवर माझा एवढा राग नाही. राग आहे तो ज्यांना सायकलचा अभिमान फक्त मोबाइलवर मिरवायचा असतो त्यांच्यावर. याच चेअरमनांनी सोसायटीच्या ग्रुपवर महाजन डॉक्टर बंधूंचा फोटो टाकला होता. हितेंद्र आणि महेंद्र महाजन, आपल्या नाशिकचे, २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. खाली यांची ओळ, "गर्व आहे नाशिककर असल्याचा". एवढं अंतर काय दहाला झोपून आठला उठून कापता येतं? त्यासाठी किती पहाटे घालवाव्या लागतात, किती घाम गाळावा लागतो, याचा विचार एकदा तरी केलाय का? ती मेहनत दुसऱ्याच्या घरी झाली तर गर्व, वरच्या मजल्यावर झाली तर तक्रार.

आणि मुळात मला हॉलमध्ये हे सगळं मांडायची वेळ का आली? बिल्डिंगला जिम आहे! माहितीपत्रकात रंगीत फोटो होता, त्या फोटोचे पैसे आपण सगळ्यांनी मोजलेत. तळमजल्यावर, लॉबीच्या डावीकडे, मोठी खोली, खाली कोणाचा फ्लॅट नाही, कुणाची कपबशी नाही. त्या खोलीला कुलूप आहे. खिडकीतून बघा. गणपतीच्या मखराचे थर्माकोल, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाचातरी जुना कूलर, आणि त्यामागे ट्रेडमिल, पट्टा फाटलेला, त्यावर रंगाचे डबे. किल्ली चेअरमनांकडे. मागितली की "बघू", "मेंटेनन्स काढायचाय", "लहान मुलं पडतील". ताबा मिळाल्यापासून एका माणसाने तिथे एक डंबेल उचललेलं नाही.

रविवारच्या मीटिंगला "वरच्या मजल्यावरील मशीनचा त्रास" असा विषय घेतलाय म्हणे. घ्या. मीही माझा विषय लेखी दिलाय आणि सेक्रेटरींकडून पोच घेतली आहे. जिमच्या खोलीतलं सामान काढायचं, लाइटचा एक पॉइंट चालू करून द्यायचा, आणि किल्ली वॉचमनकडे ठेवायची, पहाटे साडेपाचपासून, बाईने मागितली तरी द्यायची. मखर ठेवायला गच्चीवरची खोली आहे, मोकळीच असते. खोली रिकामी झाली त्याच दिवशी मी ट्रेनर खाली नेते, जिन्याने नेते, लिफ्टही नको. तोपर्यंत तो हॉलमधून हलणार नाही.