खुलासा : बॅटन (शिडाच्या खिशातली लवचीक पट्टी) जास्त आवळली म्हणून शीड सपाट होत नाही

‘वारा वाढला की मेनसेलच्या (होडीच्या मुख्य शिडाच्या) फुल बॅटन जास्तीत जास्त आवळा, शीड सपाट होईल’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे उलटं आहे.

फुल बॅटन लफपासून (डोलकाठीकडची कड) लीचपर्यंत (मागची कड), शिडाच्या पूर्ण रुंदीत असते. मागच्या टोकाचा स्क्रू किंवा पट्टा आवळला की ती खिशात लांबीच्या दिशेने दाबली जाते, आणि दाबलेली लवचीक पट्टी वाकते. पातळ फूटपट्टी दोन तळव्यांत धरून दाबून बघा, लगेच कमान होते. म्हणजे आवळल्याने शिडाचं पोट वाढतं. शिवाय पुढच्या टोकाचा रेटा डोलकाठीवर सरकणाऱ्या स्लाइडवर येतो आणि शीड चढवता-उतरवताना अडकतं. मंद वाऱ्यात टॅक केल्यावर (होडीचं नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवल्यावर) बॅटन दुसऱ्या बाजूला पलटतच नाही, शीड उलट्या बाकात राहतं. हे मी स्वतः अनुभवलंय.

मग किती आवळायची? खिशावरच्या उभ्या दिशेच्या बारीक सुरकुत्या जेमतेम जाईपर्यंत, बस. वरच्या बॅटनकडे जास्त लक्ष द्या. तिथे शीड अरुंद असतं, थोडा फरकही लगेच दिसतो. निमुळत्या बॅटनचं पातळ टोक डोलकाठीकडे हवं.

शीड सपाट करायला आउटहॉल (शिडाचा खालचा मागचा कोपरा मागे ओढणारी दोरी) आणि हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) ताणा. डोलकाठी वाकणारी असेल तर बॅकस्टेही (डोलकाठीच्या टोकापासून होडीच्या मागच्या टोकापर्यंतची तार).

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा जरूर कळवा.