डोळ्यातला लोखंडी कण आणि लोहचुंबकाचा उपाय

‘डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर पापणीवरून लोहचुंबक फिरवावा, दोन थेंब दूध घालावे, खुपणे थांबले आणि नीट दिसू लागले की डोळा वाचला,’ असा सल्ला मोबाइलवर फिरतो आहे. लेथवर, ग्राइंडरवर राबणाऱ्यांनी तो खरा मानला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

लोहचुंबकाची गोष्ट निराधार नाही. १६२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मारी कोलिने यांनी बुबुळात रुतलेला पोलादाचा कण लोहचुंबकाने काढण्याची युक्ती आपल्या शल्यवैद्य पतीला सुचवली होती, आणि आजही शस्त्रक्रियेत चुंबक वापरतात. परंतु तेथे कण नेमका कोठे आहे हे आधी ठरवलेले असते. घरी ओढलेला कण आतल्या भिंगाला किंवा पडद्याला चिरत जाऊ शकतो. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम तर चुंबकाला दादच देत नाहीत.

दूध निर्जंतुक नसते, आणि जखमेवाटे जंतू आत शिरले तर काही तासांतही दृष्टी जाऊ शकते.

सर्वांत घातक आहे तो ‘दिसते आहे, म्हणजे ठीक आहे’ हा दिलासा. छन्नीवर हातोडा बसताना उडालेली कपची इतक्या वेगाने आत शिरते की तिची बारीक जखम आपोआप मिटते, वेदना ओसरतात आणि सुरुवातीला नजरही शाबूत राहू शकते. आत राहिलेले लोखंड मात्र हळूहळू गंजते, त्याचे क्षार पेशींत साचतात, आणि काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, बाहुली मोठी राहते, बुबुळाचा रंग तांबूस होतो, मोतीबिंदू धरतो, रात्रीचे दिसणे कमी होते. याला सिडरोसिस म्हणतात. मोतीबिंदू काढता येतो. झिजलेला पडदा बहुधा पूर्ववत होत नाही. शुद्ध तांब्याचा कण तर थोड्याच दिवसांत डोळ्याला तीव्र सूज आणतो.

तेव्हा डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेले काही उपटू नये. कागदी पेल्यासारखे आडोशाचे काही त्यावर दाब न देता धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि ‘धातूवर धातू मारताना काहीतरी उडाले’ हे आवर्जून सांगावे. त्यावरूनच ते सीटी स्कॅन सांगतील. एमआरआय मात्र लोखंड आत नाही याची खात्री पटेपर्यंत करू नये, कारण त्या यंत्राच्या प्रचंड चुंबकाने कण आतल्या आत सरकू शकतो.